चाकाचा आउट काढून भागत नाही तेव्हा: वाचकांचे सायकल-प्रश्न

मागच्या अंकात सायकलच्या घरगुती सर्व्हिसिंगवर लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली ती बहुतेक चाकांचीच. चेन-ब्रेकचं लोक घरी करतात पण चाक म्हटलं की दुकानात, आणि दुकानात "आउट काढून देतो" (म्हणजे डगमगत फिरणारं चाक सरळ करून देतो) यापुढे गाडी जात नाही. म्हणून यावेळी सदर सगळं चाकांनाच दिलंय. तारा म्हणजे स्पोक, रिंग म्हणजे रिम, दोन्ही शब्द खाली येतील, गोंधळू नका. हब म्हणजे चाकाचा मधला भाग, आणि निपल म्हणजे तारेला रिंगशी जोडणारं छोटं नट.

प्रश्न: काका, माझं वजन ९२ किलो. हायब्रिड सायकल, डिस्क ब्रेक, ३२ मिमीचे टायर. ओंकारेश्वर, मांडू असं फिरणं असतं, २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) झाली, आता ३००ची करायचीय. पण मागच्या चाकाच्या तारा तुटतात, आणि दरवेळी हबजवळ जिथे तार वाकलेली असते तिथेच. दुकानवाला एक तार टाकतो, आउट काढतो, पुढच्या राइडला दुसरी जाते. आता चाकच नवीन बांधून घेतो म्हणतोय. हब, रिम, तारा काय घेऊ? दुकानवाला म्हणतो, "भिया, मोटी तीली डाल देते हैं, टूटेगी नी." बरोबर आहे का?
– एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर: मोटी तीलीचं, म्हणजे जाड तारेचं, नंतर बघू, आधी तारा का तुटतात ते. चाक उभं राहतं ते तारांच्या ओढीवर. सगळ्या तारा आधीच ताणलेल्या असतात आणि तुम्ही बसलात की जमिनीकडच्या दोन-चार तारांची ओढ तेवढ्यापुरती कमी होते, चाक फिरलं की परत येते. म्हणजे प्रत्येक फेरीला प्रत्येक तार एकदा सैल एकदा ताठ. तुमच्या ३२च्या टायरवर एक फेरी साधारण २.१५ मीटरची, म्हणजे ३०० किलोमीटरच्या राइडमध्ये एकेक तार जवळजवळ १ लाख ४० हजार वेळा हे सोसते. लोखंडी तार एकच वेळ वाकवून तुटत नाही पण तीच पुन्हापुन्हा वाकवत बसलं की तुटते ना, तसंच, फक्त इथे वाकणं डोळ्यांना दिसत नाही. आणि तुटते कुठे तर वाकणावर, कारण तिथे तार आधीच मोडून वाकवलेली आहे, कारखान्यातला ताण तिथे साठून राहिलाय.

त्यामुळे तुमच्या चाकाचं निदान सरळ आहे. मशीनवर बांधलेली स्वस्त चाकं बऱ्याचदा कमी ओढीची येतात, कमी ओढ म्हणजे तळाशी आल्यावर तार पूर्ण ढिली पडते, वाकण हबच्या भोकात हलतं, आणि निपलही हळूहळू फिरून सैल होतं. एक तुटली की बाकीच्यांचंही वय तेवढंच झालेलं असतं. दोन-तीन तुटल्या की एकेक बदलत बसण्यात अर्थ नाही, सगळ्या तारा एकदम नव्या. रिंग सरळ असेल तर तीच ठेवता येते, त्यासाठी तारा सोडल्यावर नुसती रिंग काचेच्या टेबलावर ठेवून बघायची, कुठे उचलली जात असेल तर ती गेली समजा, ओढून सरळ केलेली वाकडी रिंग कायम असमान ओढ मागते.

आता जाड तारांचं. साधी १४ गेजची तार म्हणजे २ मिमी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी. बटेड तार म्हणजे दोन्ही टोकांना २ मिमी आणि मधे १.८. लोकांना वाटतं मधे बारीक म्हणजे कमजोर, आणि वजनदार माणसाला तर जाडच हवी. उलटं आहे. मधला बारीक भाग थोडा जास्त लवचिक, तेवढ्याच ओढीला तो जास्त ताणला जातो, म्हणून खड्ड्यात रिंग दबली तरी तार लगेच ढिली पडत नाही, आणि वाकणावर जे धक्के जायचे ते मधला भाग पिऊन टाकतो. ९२ किलोला मी डोळे झाकून २.०-१.८-२.० सांगीन, सॅपिम रेस किंवा डीटी स्विस कॉम्पिटिशन, दोन्ही याच मापाच्या. सॅपिम बेल्जियमची, डीटी स्विस स्वित्झर्लंडची, ऑनलाइन मिळतात, महाग वाटतील पण चाकाच्या एकूण खर्चात तारांचा वाटा तसाही कमीच असतो. पैसे वाचवायचेत तर दुसरीकडे वाचवा, तारांमध्ये नको. अजून भक्कम हवं तर डीटीची अल्पाइन थ्री आहे, वाकणाकडे २.३४, मधे १.८, आट्यांकडे २.०. ती मागच्या चाकाला चालेल, पण हबचं भोक तेवढं मोठं आहे ना ते आधी बघा. दुकानवाल्याची मोटी तीली म्हणजे १३ गेजची सरसकट जाड तार, ती साध्या हबच्या भोकात नीट बसत नाही, निपलही वेगळं लागतं, आणि एवढी ताठ असते की सगळा मार वाकणालाच.

हब. आधी पट्टी घेऊन मागच्या फाट्यांच्या आतलं अंतर मोजा. क्विक रिलीजची (खटका उघडून चाक निघतं ती) हायब्रिड असेल तर बहुतेक १३५ मिमी, जुनी रोडबाइक १३०, थ्रू-एक्सल (फाट्यांतून आरपार जाणारा जाड दांडा) असेल तर १४२. यात चूक झाली तर पुढचं सगळं फुकट. दुसरं, मागचे गिअर म्हणजे हबच्या आट्यांवर चढवलेलं फ्रीव्हील आहे की हबवर सरकवून बसवलेली कॅसेट ते बघा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं, एक्सलचं टोक आधाराशिवाय बाहेर राहतं, आणि जड माणसाखाली ते वाकतं किंवा मोडतं. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग पार बाहेरच्या टोकाला आणलंय, शिमानोने १९७८मध्ये हा फ्रीहब काढला आणि तो प्रश्नच संपवला. तुम्ही कॅसेटचाच हब घ्या. ८, ९, १० स्पीडला फ्रीहबची बॉडी (जिच्यावर कॅसेट बसते ती) एकच. रोडची ११ स्पीड कॅसेट मात्र १.८५ मिमीने जास्त रुंद, तिला लांब बॉडी लागते, आणि लांब बॉडीवर जुनी कॅसेट लावायची तर मागे तेवढ्याच जाडीचा स्पेसर घालायचा. म्हणून शंका असेल तर ११ची बॉडी घेऊन ठेवा, पुढे अडणार नाही.

छर्‍यांचा कप-कोन हब की सील्ड बेअरिंग? यावर लोक सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बारा वाजेपर्यंत भांडतील. माझं मत असं की स्वतः पाना हातात घेणार असाल तर कप-कोन, शिमानोचा देओरच्या दर्जाचा हब वर्षानुवर्ष चालतो, छर्रे-ग्रीस कुठेही मिळतं. पण कोन ढिला झाल्यावर तसाच चालवत राहिलात तर कपला खड्डे पडतात आणि कप बदलता येत नाही, म्हणजे हबच गेला. हाताने काही करायचं नसेल तर सील्ड, बेअरिंग खराब झालं की ठोकून काढायचं नवं बसवायचं.

भोकं किती, तर मागे ३६ मिळाली तर उत्तम, पण ३६ भोकांची चांगली रिम शोधावी लागते, ३२ सहज मिळते आणि नीट बांधलेली ३२ तुम्हाला पुरेल. पुढे ३२. हब आणि रिमची भोकं सारखीच हवीत हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण दर वर्षी कोणीतरी ३६चा हब आणि ३२ची रिम घेऊन उभा असतो.

रिम डबल वॉलच (दुहेरी भिंतीची), आतली रुंदी १९ ते २३ मिमी, ७००सी म्हणजे टायर बसतो तिथला व्यास ६२२. (२९ इंचाची एमटीबी रिमही ६२२च असते.) डिस्क ब्रेक आहे तर ब्रेक-ट्रॅक नसलेली रिम घ्या. ब्रेक घासत नाही म्हणून ती तुम्हाला खूप दिवस टिकेल. ५००-६०० ग्रॅमची साधी टूरिंग रिम असली की झालं, दीडशे ग्रॅम वाचवायला हलकी रिम घेऊ नका, भेरूघाटात चढताना फरक कळणार नाही आणि उतरताना खड्डा लागला तर नक्की कळेल. व्हॉल्व्हचं भोकही बघून घ्या, बारीक व्हॉल्व्हला ६.५ मिमी, मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हला ८.५. हायवेच्या पेट्रोल पंपावर हवा भरायची सवय असेल तर ८.५ सोयीचं.

बांधणी तीन क्रॉस, म्हणजे एक तार तिच्या बाजूच्या तीन तारांना ओलांडून जाते. ओढ उजवीकडे ११० ते १२० किलो, पण रिमवाल्याने कमाल मर्यादा दिली असेल तर तिच्या आत. ओढ मीटरने मोजून लिहून द्या असं बांधणाऱ्याला सांगा, मीटर नाही म्हणाला तर दुसरा बघा. आणि बांधून झाल्यावर समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या हाताने कचकचून दाबायच्या, पूर्ण चाकभर. वाकणात साठलेला ताण त्याने निघतो, निपल जागेवर बसतात. हे न केलेलं चाक पहिल्या राइडला कट-कट आवाज करतं आणि घरी येईपर्यंत आउट झालेलं असतं.

प्रश्न: हब एकीकडून आणि रिम दुसरीकडून मागवली. आता तारा किती लांबीच्या घेऊ हे कोणी सांगेना. एक म्हणतो २९०, एक म्हणतो २९५. दोन्ही बाजूंना वेगळी लांबी लागते हे खरं का?
– एक वाचिका, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: खरं आहे, मागच्या चाकाला जवळजवळ नेहमीच. आणि ताई, कोणाच्या सांगण्यावर घेऊ नका, अर्धा तास लागतो, मोजा.

रिमचं माप आधी. जाहिरातीत दिलेलं असतं पण त्यावर भरवसा ठेवू नये. दोन जुन्या तारा घ्या, वाकणाकडून कापून दोन्ही बरोबर २०० मिमीच्या करा. रिमच्या समोरासमोरच्या दोन भोकांत निपलसकट घाला, ३२ची रिम असेल तर पहिलं आणि सतरावं भोक. तारेचं टोक निपलच्या खाचेच्या तळाशी येईपर्यंत फिरवा. मग दोन्ही तारा ताणून धरून मधलं अंतर मोजा. मधे २०० आलं तर २०० अधिक २०० अधिक २००, म्हणजे ६००. दोन-तीन जागी मोजून सरासरी घ्या.

हबचं: चकतीवरची (हबची ती कड जिच्यात तारा ओवतात) भोकं ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास, आणि हबच्या मध्यापासून डावी चकती किती लांब, उजवी किती लांब. समजा व्यास ४५, डावी ३५, उजवी २०. उजवी कमी, कारण तिकडे कॅसेटला जागा द्यायची असते. आता तीन क्रॉसचा कोन ३२ भोकांना ६७.५ अंश येतो (३ गुणिले ३६०, भागिले १६, ३६ भोकं असती तर १८ने भागून ६०). रिमच्या मापाचं अर्ध ३००, व्यासाचं अर्ध २२.५. तीनशेचा वर्ग, साडेबावीसचा वर्ग आणि डावीकडच्या ३५चा वर्ग यांची बेरीज करा, त्यातून २ × ३०० × २२.५ × कोसाइन ६७.५ वजा करा, वर्गमूळ काढा, आणि हबच्या भोकाचं अर्ध, साधारण १.३ मिमी, वजा करा. डावीकडे येतं २९३, उजवीकडे २९१.५. ऑनलाइन कॅल्क्युलेटर हेच गणित करतात, तिथे आकडे घालून ताडून बघा.

एखाद मिमी इकडेतिकडे चालतं. जास्त आखूड झाली तर आटे निपलच्या डोक्यापर्यंत पोचत नाहीत आणि निपल मानेतून तुटतं. जास्त लांब झाली तर आटे संपतात, ओढ घेताच येत नाही. तारेची लांबी वाकणाच्या आतल्या बाजूपासून टोकापर्यंत मोजायची, डोक्यापासून नाही.

आणि याच आकड्यांतून एक गोष्ट कळते. उजवीला २० आणि डावीला ३५, म्हणून डाव्या तारांची ओढ उजवीच्या साधारण २० भागिले ३५, म्हणजे ५७ टक्केच राहणार. उजवीकडे १२० घेतली तर डावीकडे ६८-६९. कोणी दोन्हीकडे सारखी ओढ देतो म्हणाला तर रिंग मधोमध राहणारच नाही, एका बाजूला सरकेल. तिरकी भोकं असलेल्या असिमेट्रिक रिमा यासाठीच निघाल्यात, भोकं दोन-तीन मिमी डावीकडे सरकवली की दोन्ही बाजूंचा फरक कमी होतो. पुढच्या चाकाला डिस्क असेल तर हाच हिशेब उलटा, तिथे डावीकडे डिस्कमुळे जागा कमी म्हणून डावीची ओढ जास्त.

प्रश्न: आजोबांची जुनी काळी रोडस्टर आहे, दांड्याच्या ब्रेकची. रिंगा गंजल्यात. त्यात ७००सीच्या अ‍ॅल्युमिनियम रिमा बसतील का?
– एक वाचक, महू

उत्तर: बसवू नका. तुमच्या चाकाचा टायर-माप २८ × १½, टायर बसतो तिथला व्यास ६३५ मिमी, ७००सीचा ६२२. एवढाच फरक असता तर काहीतरी जमवलं असतं, पण दांड्याचे ब्रेक रिंगच्या बाजूला दाबत नाहीत, खालून वर, रिंगच्या आतल्या कडेवर ओढले जातात. त्यासाठी रिंगला ती गोल कडच लागते, अ‍ॅल्युमिनियमच्या रिमला ती नसते. शिवाय या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, इंग्रजांच्या वेळेपासूनची पद्धत. ४० भोकांची अ‍ॅल्युमिनियम रिम शोधत बसाल.

त्याच मापाची स्टीलची रिंग घ्या, लुधियानाचा माल अजून येतो. हब बहुतेक चांगलाच असेल. उघडा, छर्रे बदला, कोनवर खड्डे पडलेत का तेवढं नखाने बघा. तारा मात्र गॅल्व्हनाइज्डऐवजी स्टेनलेस मिळाल्या तर घ्या. आणि पावसात स्टीलच्या रिंगवर ब्रेक जवळजवळ लागत नाही, आजोबांना माहीत होतं, तुम्हीही लक्षात ठेवा.

प्रश्न: सर, कॉलेजला सुपर कॉरिडोरवरून जातो, ५० मिमी उंच रिमची कार्बन चाकं घ्यायचीत, २० तारांची. आणि पुढच्या चाकाला सरळ तारा (क्रॉस न करता) एकदम भारी दिसतात. सायकलला डिस्क ब्रेक आहे. वजन ६४.
– एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर: अरे मित्रा, सरळ तारांचं आधी, डिस्कच्या चाकाला सरळ तारा चालतच नाहीत. ब्रेक लागतो हबला, तो जोर रिमपर्यंत पोचायला तारा तिरक्या हव्यात, हबच्या परिघाला स्पर्शून निघालेल्या. १८७४मध्ये जेम्स स्टार्लीने याच कारणासाठी तिरक्या तारांचं पेटंट घेतलं. सरळ तार जोर देऊच शकत नाही, आधी हबला फिरू देते. रिम-ब्रेकच्या पुढच्या चाकाला चालतात, तेही हबच्या कंपनीची परवानगी असेल तर, नाहीतर चकतीचा काठ फाटतो.

कार्बनचं तुझ्यावर. ६४ किलोला २० नाही, २४ तरी घे. कॉरिडोर उघडा आहे, आडवं वारं आलं की ५० मिमीची पुढची रिम हँडल ओढते, नव्या माणसाला घाबरायला होतं. आणि हुकलेस (टायर अडकवणारी आतली कड नसलेली) रिम असेल तर हवा ५ बारच्या, म्हणजे ७२ पीएसआयच्या वर अजिबात नाही, टायरही हुकलेसला चालणारा हवा. १०० पीएसआय भरायची सवय असलेल्या मित्राच्या हातात पंप देऊ नको.

प्रश्न: निपल पितळेचे की अ‍ॅल्युमिनियमचे? रंगीत अ‍ॅल्युमिनियमचे छान दिसतात.
– एक वाचिका, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: पितळेचे. पितळेचं निपल साधारण एक ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमचं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचं, म्हणजे पूर्ण चाकात वीसेक ग्रॅम वाचले. त्या बदल्यात पावसाळ्यात पाणी आत राहतं, स्टीलची तार आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना खातात, दोन पावसांनंतर आउट काढायला चावी लावली की निपल चुरा होऊन हातात. बसवताना आट्यांना आणि रिमच्या भोकाला थेंबभर तेल लावा. जुने बांधणारे जवसाचं उकळलेलं तेल लावतात, ते बांधताना वंगण आणि वाळल्यावर चिकटून निपलला धरून ठेवतं. आणि धुताना प्रेशरची नळी हबवर मारू देऊ नका, वॉशिंगवाले तेच पहिलं करतात.

प्रश्न: नवीन चाक बांधून मिळालं. पहिली सर्व्हिस कधी? आणि लांबच्या राइडला स्पेअर तारा न्यायच्या का, नेल्या तर रस्त्यात बसवणार कशा?
– एक वाचक, देवास

उत्तर: नीट बांधलेलं, नीट दाबलेलं चाक "बसायला" वेळ घेत नाही. दोनेकशे किलोमीटर झाले की एकदा फिरवून बघा, एका बाजूच्या तारा बोटाने छेडत जा, सगळ्यांचा सूर साधारण सारखा हवा, एखादी भद्द वाजली तर ती सैल. बाकी काही नाही. जो मेकॅनिक दर महिन्याला आउट काढायला बोलावतो त्याने चाक कमी ओढीवर बांधलंय.

स्पेअर न्यायच्या. पुढची, मागची डावी, मागची उजवी, प्रत्येक लांबीच्या दोन, चेनच्या दांडीला टेपने चिकटवून. निपल सोबत, स्पोकची चावी सोबत, चावीचं माप तुमच्या निपलचंच आहे ना ते घरीच लावून बघा. अडचण उजव्या बाजूची. कॅसेट काढल्याशिवाय ती तार आत जातच नाही, आणि कॅसेट काढायला लॉकरिंगचं टूल आणि चेनची चाबूक-पट्टी लागते, ते कोणी जाम गेटच्या उतारावर घेऊन फिरत नाही. त्यासाठी दोरीची तार मिळते, मजबूत फायबरची, हबच्या भोकातून ओवायची, रिमच्या निपलला जोडायची आणि ओढून बांधायची. कॅसेटला हात लावावा लागत नाही. तीही नसेल तर तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळा म्हणजे आवाज करत अडकणार नाही, रिम-ब्रेक असेल तर तो थोडा उघडा ठेवा, तुटलेल्या तारेच्या दोन्ही बाजूंच्या तारा अर्धा-अर्धा आटा सैल करा, सामान पुढे घ्या, आणि हळूहळू पुढच्या गावापर्यंत जा.